बॅट्समनच्या मागचं जाळं

धनेशभाईंनी मोबाईल पप्पांच्या नाकासमोर असा धरला, की मला वाटलं सेल्फी काढतायत.

"देखो पंढरीनाथ. फोटो देखो, भाव देखो. तुझ्या आधे में. ऑनलाईन, वर घरपोच. आता तूच सांग, मी काय करू?"

पप्पांनी फोटो बघितला. मीपण मान लांब करून बघितला. हिरवंगार जाळं, त्याच्यापुढे एक गुळगुळीत मुलगा बॅट घेऊन हसतोय. कपड्यावर एक डाग नाही. म्हणजे खेळलाच नसणार.

"भाई, करू ना काहीतरी," पप्पा म्हणाले. "दोर जरा पातळ घेतला तर मीपण खाली येतो."

"कितना खाली?"

पप्पांनी आकडा सांगितला. तो ऐकून मी पप्पांची बाही ओढली आणि धनेशभाईंच्या चेहऱ्यावर मात्र काहीच आलं नाही. "सोचो," ते म्हणाले. "मी रविवारी फायनल करतो. तीनही टर्फचं एकदम."

धनेशभाईंची भाईंदर वेस्टला तीन टर्फ आहेत. चारी बाजूंनी आणि वरून जाळं, खाली प्लास्टिकचं गवत, आणि आत क्रिकेट. पिंजऱ्यात क्रिकेट म्हणा ना. आणि त्या पिंजऱ्याचं जाळं बनवणं हा आमचा धंदा. आम्ही उत्तनचे. पप्पा अठरा वर्षं बोटीवर होते. मग कंबर गेली, डॉक्टर म्हणाले आता जाळं ओढायचं नाही. पप्पा म्हणाले, ओढायचं नाही ना, विणायचं तर आहे? तेव्हापासून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये व्हॉलीबॉलची, फुटबॉल गोलची, क्रिकेटची जाळी. बाहेर बोंबील वाळतायत आणि आत जाळी तयार होतायत. शाळेत मला कोणी म्हणालं ना, की तुझ्या दप्तराला वास येतो, तर आधी मी रडायचे. आता म्हणते, येणारच, इंटरनॅशनल कंपनी आहे आमची, एक्स्पोर्टचा वास आहे तो.

हे 'आता म्हणते' नवीन आहे. गेल्या वर्षीपर्यंत मी रिक्षावाल्याला 'इथेच थांबवा' म्हणायलासुद्धा लाजायचे. एकदा तर त्यापायी थेट पुढच्या चौक गावापर्यंत गेले आणि उन्हातून चालत परत आले. मग यंदा स्पोर्ट्स डेला माईकवर बोलणारी मुलगी तापाने पडली आणि बाईंनी मला खेचून उभं केलं, "जागृती, वाच." मी वाचलं. माझाच आवाज मैदानाच्या त्या टोकाला आपटून परत आला. बास. तेव्हापासून आमच्या घरात सगळे म्हणतात, हिचं बटण कुठे आहे ते शोधा कोणीतरी.

त्या दिवशी परत येताना बसमध्ये मात्र माझं बटण बंद होतं, कारण पप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सोमवारी बर्फाच्या कारखान्यात हो सांगतो. सुपरवायझरची जागा आहे. पगार बरा आहे."

"आणि शेड?"

"शेडचं काय. बंद."

"आणि आत्या? संजनाकाकू?"

पप्पांनी तिकिटाची घडी घातली, मग आणखी एक घातली. हंसाआत्या, म्हणजे पप्पांची मोठी बहीण, सकाळी मासळी विकते आणि दुपारभर शेडमध्ये विणते. संजनाकाकू शेजारची, तिच्या घरी आमच्या शेडशिवाय दुसरी कमाईच नाही. म्हणजे रविवारी धनेशभाई नाही म्हणाले, की सोमवारी शेडला कुलूप. आणि आज होता मंगळवार.

"पप्पा, आपण पातळ दोर घेऊन स्वस्त झालो तरी त्याच्याएवढे स्वस्त होतोय का?"

"नाही."

"मग नुसतंच वाईट जाळं बनवायचं? स्वस्त पण नाही, चांगलं पण नाही?"

पुढच्या सीटवरच्या दोन बायका वळून बघायला लागल्या. पप्पा हळू आवाजात म्हणाले, "हळू बोल. आख्खी बस ऐकतेय."

ऐकू दे ना! मी तर तेव्हाच ठरवलं होतं. आपण स्वस्त व्हायचंच नाही. फक्त, त्याच्याऐवजी काय व्हायचं, ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

ते मला तेजश्रीने सांगितलं, म्हणजे तिला माहीत नसताना सांगितलं. तेजश्री माझ्या वर्गातली, मोरव्याला राहते, आमच्या शाळेच्या क्रिकेट टीमची विकेटकीपर. बुधवारी शाळा सुटल्यावर तिची प्रॅक्टिस धनेशभाईंच्या सगळ्यात जुन्या टर्फवर होती. मी कंपासपेटी आणि वही घेऊन गेले आणि तासभर खेळ न बघता जाळंच बघत बसले.

"जागू, तू वेडी झालीयेस का? मी एवढा भारी कॅच घेतला आणि तू भिंतीकडे बघतेयस!"

"ही भिंत नाही, जाळं आहे. मला सांग, हे फाटतं कुठे?"

"कुठे म्हणजे? इथेच, माझ्या मागे. दुसरीकडे कुठे फाटणार? बॉल सगळे इथेच येतात ना धाडकन." मग तिने बोट दाखवलं. "आणि खाली, गवताजवळ. तिकडून बॉल सरपटत बाहेर जातो. मग आणायला मीच जायचं. त्या बिल्डिंगमधल्या जितेंद्र काकांच्या शिव्या पण मीच खायच्या."

मी फिरून बघितलं. खरंच! एवढं मोठं जाळं, पण फाटलेलं कुठे, तर बॅट्समनच्या मागे दहा बाय आठ फुटात आणि खालच्या कडेला. बाकीचं आख्खं जाळं ठणठणीत. फाटलेल्या जागी टर्फवाल्यांनी प्लास्टिकच्या पट्ट्या ओढून बांधल्या होत्या, सुतळी बांधली होती, आणि एका ठिकाणी तर चक्क किराणा दुकानाची पिशवी. आणि धनेशभाई दर वर्षी आख्खं नवीन जाळं घ्यायचे!

मी धावत घरी आले (म्हणजे बसने आले, पण बसमध्येही मनातून धावतच होते) आणि शेडमध्ये हे सगळं एका दमात सांगितलं. हंसाआत्याने पायाच्या अंगठ्यात अडकवलेला दोर सोडला नाही की हात थांबवला नाही.

"आन तो दर साली आख्खं टाकतो?" तिने विचारलं. "येडा हाय काय? डोलीचा खोला फाटला म्हनून कोनी आख्खी डोल टाकतो?"

डोल म्हणजे आमचं मोठं पिशवीसारखं जाळं. खोला म्हणजे त्याचं शेपूट, जिथे सगळी मासळी येऊन साचते. सगळा भार तिथेच, म्हणून तोच आधी जातो. तेवढा सोडवायचा, नवा जोडायचा, आणि बोट परत पाण्यात. आमच्याकडे हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

"आत्या!" मी ओरडले. "परत बोल!"

"काय परत बोल? बहिरी झालीस काय गो?"

अशी आमची स्कीम तयार झाली. जाळं तुकड्यातुकड्यात बनवायचं, तुकडे एका लांब दोराने ओवायचे. बाकी ठिकाणी नेहमीसारखं रोलचं जाळं, ते आम्हीही विकतच आणतो. पण बॅट्समनच्या मागचा तुकडा जाड दोराचा, हाताने विणलेला, एकेक गाठ आवळलेली. तो झिजला तर तेवढाच बदलायचा. आणि वर्षभर कुठेही फाटलं तर फोन करा, आम्ही येऊन शिवून देणार. घरपोच येणारं जाळं शिवायला कोण येणार आहे? तो गुळगुळीत मुलगा?

संध्याकाळी मी धनेशभाईंना स्वतः फोन केला. "भाई, रविवारी सकाळी तुमच्याकडे मुलींची टूर्नामेंट आहे ना? त्याआधी आम्ही एक तुकडा लावून दाखवतो. आवडला तर बोला, नाही तर काढून नेतो. तुमचं काय जातंय?"

"कुछ नहीं जाता," ते म्हणाले आणि हसले. "पंढरीनाथची पोरगी ना तू? पप्पा तर एवढं बोलत नाही."

"ते माझ्या वाटणीचं वाचवतात," मी म्हटलं.

पप्पांना स्कीम आवडली की नाही ते कळलं नाही. ते म्हणाले, "करा." गुरुवार ते शनिवार त्यांना बर्फाच्या कारखान्यात काम बघायला बोलावलं होतं. सकाळी सहाला जायचे, संध्याकाळी दमून यायचे आणि शेडकडे न फिरकता आडवे व्हायचे. मला वाटतं, त्यांना शेडकडे बघायचंच नव्हतं.

म्हणून माप मी दिलं. आणि इथेच माती खाल्ली.

टर्फवरच्या जाळ्याची एक चौकट मी माझ्या कंपासपेटीतल्या पट्टीने मोजली होती. बरोब्बर पंचेचाळीस मिलिमीटर. तसं वहीत लिहिलं आणि आत्याला सांगितलं, "पंचेचाळीस." आत्याने बांबूची पट्टी काढली, जिच्याभोवती दोर गुंडाळून प्रत्येक गाठ मारतात ती, आणि ती आणि संजनाकाकू बसल्या विणायला.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आत्या म्हणाली, "लई बारीक दिसतंय गो. किरकेट हाय का जवला धरायचाय?" जवला म्हणजे भाताच्या दाण्याएवढी कोलंबी.

"आत्या, एमएम म्हणजे एमएम," मी म्हटलं. मोठ्या तोऱ्यात म्हटलं. "मी स्वतः मोजलंय."

"बरं माझे बाय. तू शिकलेली."

शुक्रवारी संजनाकाकूची बोटं सोलवटली. शनिवारी शाळा सुटल्यावर मीपण बसले. तीन दिवस त्या दोघी, वर मी. संपतच नव्हतं! शेवटची गाठ बसली तेव्हा आत्याने पाठ सरळ केली आणि म्हणाली, "मेली बोटांची पार कोलंबी झाली." मी कोपरा धरून ते जाळं उचलून बघितलं. इतकं जड, इतकं घट्ट. मला ते जगातलं सगळ्यात सुंदर जाळं वाटलं.

रविवारी सकाळी सातला आम्ही टर्फवर. पप्पा, आत्या, मी. पप्पांनी ते जाळं पहिल्यांदा नीट बघितलं ते तिथेच, शिडीवर चढून लावताना. ते मध्येच थांबले. त्यांनी एक चौकट बोटांनी चाचपली. मग शेजारच्या जुन्या जाळ्याची चाचपली. मग खाली माझ्याकडे बघितलं, आणि उरलेल्या गाठी मारल्या.

खाली उतरल्यावर मलाही दिसलं. सगळीकडे आरपार दिसणारं जाळं, आणि मधोमध आमचं, काळं, दाट, पडद्यासारखं. वरची तार वजनाने वाकलेली. आणि चौकटी? जुन्या एका चौकटीत आमच्या चार बसत होत्या.

"यह क्या है?" धनेशभाई चहाचा ग्लास घेऊन आले. "मच्छरदाणी लावलीस काय पंढरीनाथ?"

तेजश्रीच्या टीमच्या मुली हसल्या. समोरच्या टीमच्या तर जास्तच हसल्या.

माझं काय चुकलं ते मला तेव्हा कळलं. आमच्यात जाळ्याच्या भोकाला आस म्हणतात, आणि आस मापतात ती ताणून. समोरासमोरच्या दोन गाठी दोन हातांनी खेचायच्या आणि त्यांच्यातलं अंतर मोजायचं, कारण पाण्यात जाळं ताणलेलंच असतं. माझी पट्टी चौकटीची एक बाजू मोजत होती. आत्याने पंचेचाळीस ऐकलं आणि ताणून पंचेचाळीस केलं. म्हणजे बाजू झाली निम्मी, आणि गाठी झाल्या चौपट. पप्पा कधी आकड्याने मापच घेत नाहीत, ते गिऱ्हाईकाकडून जुन्या जाळ्याचा तुकडा कापून आणतात. आज कळलं का आणतात.

आत्या माझ्या कानाशी कुजबुजली, "सांग, मुद्दाम केलंय म्हनून. घट्ट हाय म्हनून सांग."

तोंडाशी आलंच होतं. पण धनेशभाईंनी वर्षभर आमच्यावर विश्वास ठेवावा असं म्हणायचं, आणि पहिल्याच दिवशी थाप मारायची?

"भाई, हे चुकलंय," मी म्हटलं. मोठ्याने, माईकवाल्या आवाजात, म्हणजे परत म्हणायला नको. "माप मी दिलं, मी चुकवलं. आम्ही मासळीच्या जाळ्यासारखं मापलं. हे काढून नेतो. बरोबर मापाचं परत करून देऊ."

"कधी देणार? मी तर आज फायनल करणार होतो."

पप्पांनी आमचं जाळं उतरवलं, घडी केली आणि कडेला ठेवलं. जुनं जाळं आपल्या पट्ट्या आणि पिशवीसकट तसंच लोंबकळत राहिलं. आठ वाजता शिट्टी झाली आणि मॅच सुरू झाली.

आम्ही जायला निघालो नव्हतो, कारण आत्या बसली होती ती उठेना. तीन दिवस बोटं सोलून विणलेल्या जाळ्यावरच बसली होती, नऊवारीचा काष्टा आवळून, तोंड असं की बोलायची कोणाची हिंमत नाही.

तिसऱ्याच ओव्हरमध्ये एक फास्ट बॉल बॅटची कड घेऊन तेजश्रीच्या ग्लोव्हजवरून गेला, पिशवी फाडून थेट बाहेर. टणकन आवाज आला. मग शेजारच्या बिल्डिंगच्या गेटातून जितेंद्र काका, बनियनवर, हातात बॉल.

"धनेशभाई! कितनी बार बोला? गाडीला लागला! बॉल मिळणार नाही. आज मी सोसायटीचं लेटर देतोच, बंद करा तुमचं हे!"

"अरे जितूभाई, सॉरी ना, चहा घ्या..."

"चाय नहीं चाहिए! भोक बंद करा!"

धनेशभाईंनी ऑफिसातून प्लास्टिकच्या पट्ट्या मागवल्या. आणि तेवढ्यात आत्या उठली. कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. कमरेच्या पिशवीतून दोर भरलेली चपटी सुई काढली, ब्लेड काढलं, आणि पिचवरून सरळ चालत गेली. अंपायर दादा म्हणाले, "मावशी, मॅच चालू आहे." आत्या म्हणाली, "बॉल हाय काय तुझ्याकडं? न्हाय ना? मग बस."

तिने आधी सगळ्या पट्ट्या आणि सुतळ्या कापून टाकल्या. मग ब्लेडने भोकाच्या कडेचे फाटके धागे कापायला लागली. भोक वीतभर होतं ते हातभर झालं.

"अरे अरे अरे!" धनेशभाई धावले. "पंढरीनाथ, हे काय, अजून फाडतेय ती!"

"थांबा भाई," पप्पा म्हणाले. "कुजलेल्या धाग्यावर गाठ धरत नाही. आधी चांगल्या धाग्यापर्यंत जायला लागतं."

मग आत्याची सुई सुरू झाली. मी लहानपणापासून बघतेय, तरी बघत राहिले. वरून एक, खालून एक, करंगळीत दोर, आवळ, पुढची. बॅट घेतलेल्या मुली एकेक करून तिच्याभोवती येऊन बसल्या. दोन मुलींनी व्हिडिओ काढला. जितेंद्र काका भांडण विसरून जाळीच्या पलीकडून बघत होते. मध्येच ते म्हणाले, "मौसी, इथे खाली पण आहे एक." आत्या म्हणाली, "बघितलंय. तुझा बॉल दे आधी." आणि काकांनी दिला! खालच्या भोकातून, हातात!

दहा-बारा मिनिटं लागली असतील. मोठं भोक कुठे होतं ते रंगावरूनच कळत होतं, बाकी नाही. आत्याने दोन्ही मुठींनी जाळं धरलं आणि आपलं सगळं वजन मागे टाकलं. आत्याचं वजन कमी नाही. जाळं हललं नाही.

"आता मारा," ती मुलींना म्हणाली.

त्यांनी मारले. बॉल त्या जागी धपकन आपटायचा आणि तेजश्रीच्या मागे गुपचूप पडायचा. पण खालून अजून सरपटत जात होते. कड झिजून दोर बाहेर आला होता, तिथे एक भोक नव्हतं, कडच नव्हती. तेजश्री दोन वेळा पळाली आणि तिसऱ्यांदा माझ्यावर ओरडली, "जागू, ती तुमची मच्छरदाणी इथे खाली लाव ना! फुकट पडलीय!"

मी पप्पांकडे बघितलं. पप्पा आधीच त्या जाळ्याकडे बघत होते.

"लांबीत तीन पट्ट्या पडतील," ते म्हणाले. "गुडघ्याएवढ्या. चौपट गाठी आहेत, खाली घासलं तरी वर्षानुवर्षं जाणार नाही." आणि मग, तीन दिवसांत पहिल्यांदा, हसले. "चुकून का होईना, भारी विणलंय."

पहिली मॅच संपली आणि दुसरी सुरू व्हायच्या मधल्या वेळात आम्ही तिघांनी पट्ट्या कापून खालच्या कडेला ओवल्या. पुरल्या नाहीत, गेटाजवळचा कोपरा उघडाच राहिला. पण बॅट्समनच्या मागची सगळी बाजू झाली. त्यानंतर दुपारपर्यंत जितेंद्र काकांना खाली यायचं काम पडलं नाही. तरी ते आलेच, खुर्ची घेऊन, मॅच बघायला.

एक वाजता धनेशभाईंनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे एक टेबल आणि एक पंखा.

"काम अच्छा आहे," ते म्हणाले. "मी मानतो. चलो, तिन्ही टर्फ तुम्हालाच देतो. पण भाव..." त्यांनी मोबाईल परत काढला. गुळगुळीत मुलगा परत हसला. "भाव इसका. आजच्या आज पक्कं. एकदम तीन टर्फ, पंढरीनाथ, विचार कर."

मी तोंड उघडलं. माझ्याकडे सांगण्यासारखं इतकं होतं! तुकड्यांचं, शिवण्याचं, दर वर्षी आख्खं जाळं फेकण्याचं. पण पप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. मी तोंड मिटलं.

"नाही जमणार भाई," पप्पा म्हणाले.

"क्यों? दोर पातळ घे ना, तूच म्हणाला होतास."

"मंगळवारी म्हणालो होतो. चुकलो. पातळ दोरात गाठ धरत नाही, मग शिवायला रोज यायला लागेल मला. दोर आहे तोच राहील आणि भाव आहे तोच." ते उठले. कमरेला हात लावून, हळूहळू उठले. "आजचं शिवलं त्याचे पैसे नकोत. चल गो जागृती. ताई, चल."

आम्ही दारापर्यंत गेलो. माझे पाय जात होते, पण मनात मी बर्फाच्या कारखान्याचा भोंगा ऐकत होते. उद्या सोमवार. शेड. कुलूप. संजनाकाकूला सांगायचं कसं?

"अरे रुको," धनेशभाई म्हणाले. "तुम्ही उत्तनवाले ना, जरा बोलायला गेलं की उठून चालायला लागता."

पप्पा वळले, पण बसले नाहीत.

"तीन नाही. एक देतो. हे जुनंवालं. तुझ्या भावाने. बाकीचे दोन, दिवाळीनंतर बघेन हे कसं राहतं ते." त्यांनी बोट वर केलं. "पण फोन केला की दुसऱ्या दिवशी माणूस इथे पाहिजे."

"दुसऱ्या दिवशी कशाला?" पप्पा म्हणाले. "सकाळी फोन केलात तर दुपारी. उत्तनवरून बस असते."

"आन मी तर रोजच येते भाईंदरला, मासळी घेऊन," आत्या म्हणाली. "सुई कमरेलाच असते."

"मावशी, मासळी पण घरपोच देणार का?"

"देईन ना. पन भाव कमी न्हाय करनार."

धनेशभाई इतके हसले की चहा सांडला, नेमका मोबाईलवर. गुळगुळीत मुलगा पुसून काढावा लागला.

बाहेर आल्यावर मी नाचले. रस्त्यात. तेजश्रीने मला धरून दोनदा फिरवलं आणि मग शुद्धीवर येऊन विचारलं, "एकच मिळालं ना पण? तीनातलं एक?"

एकच! हो. पण एका आख्ख्या टर्फचं काम म्हणजे आत्याच्या आणि संजनाकाकूच्या हातांची दिवाळीपर्यंतची सोय. पप्पांनी बसस्टॉपवरच कारखान्यात फोन लावला. मी मुद्दाम दोन पावलं लांब उभी राहिले, पण कान तिकडेच. "नाही, पगाराचं नाही साहेब," ते म्हणत होते. "घरचंच काम आहे. हातात ऑर्डर आहे." 'ऑर्डर आहे' हे ते जरा जास्तच मोठ्याने म्हणाले. बसस्टॉपवरच्या एका बाईने वळून बघितलं, तर मी म्हटलं, "पप्पा, हळू. आख्खा स्टॉप ऐकतोय."

सोमवारी शाळेतून आले तेव्हा पप्पा शेडमध्ये बांबू तासत बसले होते. नवीन पट्टी. धनेशभाईंच्या जुन्या जाळ्याचा एक तुकडा समोर ठेवून, आकडा न मोजता, तुकड्यावर लावून लावून तासलेली. मग मी माझ्या कंपासपेटीतली पट्टी लावून बघितली. पंचेचाळीस. बरोब्बर, चौकटीच्या एका बाजूएवढी.

मी स्केचपेनने तिच्यावर ठळक लिहिलं, 'क्रिकेट'. आणि जुनी, ती निम्मी, कोपऱ्यात फेकायला उचलली.

"ठेव ती," आत्या ओरडली. "गेटाजवळचा कोपरा राहिलाय ना खालचा? तो काय तुझा बाप दात लावून विननार?"

मी जुनीवर पण लिहिलं, 'क्रिकेट, खालची'. मग मांडी घालून बसले, अंगठ्यात दोर अडकवला आणि पहिली गाठ मारली. आत्याने ती ओढून बघितली, सोडवली, आणि म्हणाली, परत मार.

मारली.